गाइडने पेपर सुटतो, पण पुढे काय?

एम-थ्रीचा पेपर जवळ आला की होस्टेलवर एकच चर्चा: "काँप्लेक्समध्ये रेसिड्यूचे किती टाइप येतात?" टाइप पाठ करायचे, तीन स्टेप्स लिहायच्या, उत्तराभोवती चौकट काढायची. सुटला विषय! मित्रांनो, गाइडला नावं ठेवायला मी बसलेली नाही. आदल्या रात्री तेच कामाला येतं. पण इंजिनिअर व्हायला तेवढं पुरतं का?

एकच उदाहरण घ्या. कॉस एक्स भागिले एक्सचा वर्ग अधिक १, याचं उणे अनंतापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन. गाइड म्हणतं, कॉसच्या जागी ई चा आय-झेड घात घ्या आणि रेसिड्यू काढा. उत्तर पाय भागिले ई, म्हणजे साधारण १.१६. पण कॉसच का नाही ठेवायचा? ठेवून बघा! त्याच स्टेप्सनी ४.८५ च्या आसपास उत्तर येतं. कॉस १ च्या वर कधी जात नाही, म्हणजे हे इंटिग्रल पायपेक्षा, ३.१४ पेक्षा, मोठं असूच शकत नाही. उत्तर सरळसरळ चूक! कारण वरच्या अर्ध्या प्रतलात कॉस झेड बेफाम वाढतो, आणि मोठ्या अर्धवर्तुळावरचा भाग शून्य होत नाही. ई चा आय-झेड घात तिथे १ च्या आतच राहतो. एवढं कळलं की निम्मे टाइप पाठ करावेच लागत नाहीत.

हे 'का' जुन्या पुस्तकांत नीट सांगितलेलं असतं. मिशिगन विद्यापीठाच्या रुएल चर्चिल यांचं पुस्तक १९४८ सालचं. पुढच्या आवृत्त्यांत जेम्स ब्राउन सहलेखक झाले. त्यात थिअरीबरोबर उष्णता आणि द्रवाच्या प्रवाहाची गणितंही आहेत, म्हणजे आपल्याच कामाची. लार्स आल्फोर्स यांचं १९५३ चं पुस्तक त्याच्या पुढची पायरी. १९३६ साली पहिली फील्ड्स पदकं दोघांना मिळाली, त्यातले हे एक. त्यांचं एकेक पान अख्खी संध्याकाळ खातं. म्हणून सुरुवात चर्चिलपासून करावी, असं माझं मत.

जालन्यात बसून याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उद्या इथल्याच एमआयडीसीतल्या स्टील मिलमध्ये नोकरी लागली, तर एखादी कंट्रोल सिस्टीम स्थिर राहील की भडकेल हे तपासावं लागेल. त्यासाठी जो नायक्विस्ट प्लॉट शिकतात, तो १९३२ सालचा, आणि त्याच्या मुळाशी कोशीचंच गणित आहे. पाया कच्चा असेल तर तोही एक 'टाइप' होऊन बसतो.

राहिला इंग्लिशचा मुद्दा. "तुझं काय बाई, तू कॉन्व्हेंटची!" हे मी नेहमी ऐकते. खरं सांगू? चर्चिलचं इंग्लिश साधं आहे. अडतं ते गणित, आणि ते सगळ्यांना सारखंच अडतं. झेडपीच्या शाळेत शिकलेल्या माझ्या रूममेटला कॉन्फॉर्मल मॅपिंग माझ्याआधी समजलं, कारण ती प्रत्येक ओळीचं चित्र वहीत काढते. उलट मराठीचाही फायदा होतो. मराठी विश्वकोशात काँप्लेक्स नंबरला 'सदसत् संख्या' म्हटलंय. सत् आणि असत् एकत्र! 'काँप्लेक्स' म्हटलं की नुसती भीती वाटते, 'सदसत्' म्हटलं की आत काय आहे ते दिसतं.

तेव्हा लायब्ररीला एक विनंती: रेफरन्सच्या कपाटातली ही पुस्तकं शनिवारी संध्याकाळी द्या, सोमवारी सकाळी परत घ्या. आणि तुम्हाला विनंती: चौघांनी मिळून एक पुस्तक घ्या, दर आठवड्याला दहा पानं वाचा, आणि प्रत्येक स्टेपला एकमेकांना 'का?' विचारा. गाइड कुठे पळून जात नाही!