चाकांवरच्या मुली आणि गावातली मोकळी जागा

मैत्रिणींनो, ‘स्केटबोर्ड’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? इंग्रजी पिक्चरमधली मुलं, ढगळ पँट, उलटी टोपी आणि पायाखाली चार छोट्या चाकांची फळी. ‘बड्या घरच्या पोरांचं खूळ ते, आपला काय संबंध?’ असंच आपल्यापैकी बहुतेकींना वाटेल. पण गेले काही दिवस मी या विषयावर जे वाचतेय, त्यावरून मला वाटतं, तुमच्या-माझ्या लेकींशी या फळीचा फार जवळचा संबंध आहे.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. त्यातल्या ‘स्ट्रीट’ प्रकाराचं मैदान म्हणजे जणू शहरातला रस्ताच. पायऱ्या, कठडे, उतार, रेलिंग, सगळं तिथं उभं केलेलं. मुलींमध्ये सुवर्णपदक मिळवलं जपानच्या मोमिजी निशियानं आणि रौप्य ब्राझीलच्या रायसा लीआलनं. दोघीही तेरा वर्षांच्या! आपल्याकडे नेमक्या याच वयात ‘आता मोठी झालीस, बाहेर हुंदडणं पुरे’ हे वाक्य सुरू होतं. हो ना?

‘परदेशातलं सोडा हो,’ असं म्हणाल, तर मध्य प्रदेशातलं जनवार घ्या. पन्ना व्याघ्र प्रकल्पाजवळचं, आदिवासी आणि यादव वस्तीचं हे छोटं खेडं. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथं सिमेंटचं स्केटपार्क उभारलं. त्याचे दोन नियम. शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, हा पहिला. आणि दुसरा, मुली पहिल्या! मुलाच्या हातात फळी असेल आणि मुलीनं मागितली, तर त्यानं ती द्यायची. याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. तिचं कौतुक आहेच, पण मला तो दुसरा नियम जास्त मोठा वाटतो. ज्या देशात बायकांची पंगत कायम शेवटची, तिथं एका खेड्यातली मुलं ‘आधी तू’ म्हणायला शिकली, ही काय साधी गोष्ट आहे?

राजस्थानातल्या खेमपूर गावातही असं पार्क आहे. ‘स्केटर गर्ल’ या २०२१ च्या चित्रपटासाठी ते बांधलं आणि गावाच्या मुलांसाठी तसंच ठेवलं. चित्रपटाच्या दिग्दर्शिका मंजरी माकिजानी म्हणजे ‘शोले’तल्या सांभाची, मॅक मोहन यांची मुलगी. आपल्या वहिदाजीही त्यात आहेत. जमलं तर लेकीबरोबर बसून जरूर पाहा.

आता मूळ मुद्दा. हा खेळ जन्मला तो १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या मुलांनी तीच मजा रस्त्यावर आणली. १९७६-७७ मध्ये तिथं मोठा दुष्काळ पडला, बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि या पोरांनी त्या रिकाम्या तलावांच्या गोल भिंतींवर चाकं फिरवली. लोकांना जिथं कोरडा खड्डा दिसला, तिथं यांना मैदान दिसलं! फळीच्या पोटाशी चित्रं रंगवायची पद्धतही यांचीच. कठड्यावरून घसरताना ती चित्रं घासून जातात, तरी कलावंत मन लावून काढतात. आपण रोज सकाळी दारात रांगोळी काढतोच की, संध्याकाळपर्यंत ती पुसली जाणार हे ठाऊक असूनही.

फिलाडेल्फिया शहरातल्या ‘लव्ह पार्क’ची गोष्ट तर मला फार आवडली. या चौकाच्या दगडी पायऱ्या आणि कट्टे स्केटबोर्डवाल्या मुलांमुळे जगभर प्रसिद्ध झाले. मग २००२ मध्ये नगर प्रशासनानं तिथं कडक बंदी आणली. तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन स्वतः तिथं आले आणि बंदीच्या निषेधार्थ स्केटबोर्डवर उभे राहिले. वय वर्षं ९२! दोन्ही बाजूंनी आधार घेऊन का होईना, पण आजोबा फळीवरून पुढे सरकले. चौक बांधणाऱ्यालाच वाटत होतं की जागा वापरली तरच ती शहराची, नाहीतर नुसता दगड.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशात कोचाबांबा नावाचं शहर आहे. तिथल्या मुलींनी २०१९ मध्ये ‘इमियास्केट’ नावाचा गट काढला. या मुली स्केटबोर्ड खेळतात तो चक्क आई-आजीच्या पारंपरिक घेरदार घागऱ्यात! एकेकाळी या पोशाखावरून तिथल्या आदिवासी बायकांना हिणवलं जायचं. नातींनी तोच घागरा मानानं रस्त्यावर आणला. वाचताना मला आपल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आठवल्या. नऊवारी, नथ, फेटा आणि खाली बुलेट! किती रुबाबदार दिसतात आपल्या पोरी. पण तो रस्ता त्यांना मिळतो वर्षातून एक दिवस, तोही मिरवणुकीपुरता. उरलेल्या दिवसांचं काय?

सायकलीचं पाहा. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. फारच चांगलं झालं. पण मी वस्त्यांमध्ये फिरते तेव्हा दिसतं ते असं, की शाळेतून आली की मुलीची सायकल भिंतीला टेकते, ती दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेलाच हलते. भावाची मात्र रात्री आठपर्यंत फिरत असते. मुलीला घराबाहेर पडायला कारण लागतं. शाळा, क्लास, दळण, दूध. ‘उगाच’ बाहेर जायची सोय तिला नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं, त्यात हेच मांडलंय. मुंबईत ही कथा, तर आपल्या तालुक्याच्या गावाचं काय सांगावं?

आणि यात दोष फक्त आईबापांचा नाही, जागेच्या आखणीचाही आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात पाहणी झाली. नऊ वर्षांनंतर मुली बागांमधून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असं त्यात आढळलं. कारण मधलं मैदान फुटबॉलवाल्या मुलांच्या ताब्यात. मग १९९९ मध्ये दोन बागा नव्यानं आखल्या. खेळाच्या जागा वेगवेगळ्या केल्या, वाटा आणि बसायच्या जागा नीट केल्या आणि मुली परत आल्या! लक्षात घ्या, मुलींना कुणी उपदेश केला नव्हता. बदलली होती ती बाग.

मला माहितीये, तुम्ही काय म्हणाल. ‘ताई, आमच्याकडे नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं, आणि तुम्ही स्केटपार्क काय मागताय?’ अहो, मी स्केटपार्क मागतच नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली कारंजं होतं, हिरवळ होते, तिच्याभोवती कुंपण घालून ‘आत येऊ नये’ची पाटी लागते. त्याच पैशात एक सपाट सिमेंटचा चौक, दिवे आणि स्वच्छ स्वच्छतागृह होऊ शकतं की! शिवाय छोट्या चाकाला जो रस्ता चालतो, तो बाळाच्या गाडीला चालतो, व्हीलचेअरला चालतो आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही चालतो.

‘आपलं कोण ऐकतंय?’ असंही म्हणू नका. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्ता अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तिथल्या आयाबाया आणि मुलं रस्त्यात उतरली, वाहनं अडवली, भर रस्त्यात टेबलं मांडून जेवली. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्या चळवळीचं नाव होतं. आज तो देश सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, त्यामागे या चळवळीचा मोठा वाटा आहे.

आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना २०११ पासून निम्मं आरक्षण आहे. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि आपल्या नगरसेविकेला किंवा सरपंचताईंना गाठा. शाळेचं मैदान संध्याकाळी दोन तास उघडं हवं, दिवे हवेत, आणि त्यातला एक तास ‘मुली पहिल्या’ हवा, एवढंच लेखी मागा. स्केटबोर्ड नसेना, जुनी सायकल, दोरी, लगोरीचे दगडही चालतील. आणि हो, मैदान उघडलं की पहिले काही दिवस आपणच कट्ट्यावर जाऊन बसू या. शेंगा सोलायच्या त्या तिथं सोलू. आई समोर बसलेली असली की लेकीला बाहेर पडायला वेगळं कारण शोधावं लागणार नाही.