दुसरा सब कशासाठी?

दोन सब बसवूनही बेस बिघडलेलाच, अशा ग्राहकांच्या तक्रारी अलीकडे आमच्याकडे सारख्या येत आहेत. सूर एकच : मधल्या खुर्चीवर दणका नाही, मागच्या सोफ्यावर कानठळ्या, आणि इन्स्टॉलर म्हणतो, ‘गेन थोडा वाढवून देतो.’

यातल्या बहुतेक घरांत दोन्ही सब टीव्ही युनिटला खेटून असतात. कारण काय, तर केबल तिथेच निघते! पंधरा बाय अकराचा हॉल घ्या. लांबीचा पहिला मोड ३८ हर्ट्झच्या आसपास. दोन्ही सब पुढच्या भिंतीशी असले की दोघे मिळून तोच मोड उठवतात. मागच्या सोफ्यावरचा पीक आणखी चढतो, खोलीच्या मध्यावरचा खड्डा तसाच राहतो. तेच एक सब पुढच्या आणि दुसरा मागच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवा. पहिला मोड दोघे मिळून मारतात आणि ५१ हर्ट्झचा रुंदीचा मोडही फारसा उठत नाही. ७५ च्या आसपासचा पीक उरतो, तो ईक्यूने कापता येतो. खड्डा मात्र ईक्यूने भरत नाही, अॅम्प्लिफायर नुसता तापतो. हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी दोन आणि चार सबच्या जागांचा हा अभ्यास २००२ मध्येच मांडला. दुसरा सब आवाज वाढवायला नसतो, प्रत्येक सीटवर सारखा बेस पोचवायला असतो. आपल्या विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब बेस सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे इथे तर हे जास्तच महत्त्वाचे.

कंपन्याही दोषी आहेत. खोक्यावर ठळक ‘७.२’ छापतात, पण स्वस्त रिसीव्हरच्या मागची दोन्ही सॉकेट आतून एकच सिग्नल देतात. दोन सबना वेगळी लेव्हल, वेगळा डिले देता येतो की नाही, हे माहितीपत्रकात स्पष्ट छापायला काय हरकत आहे?

आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट. ऑटो कॅलिब्रेशन सबचे अंतर अठरा फूट दाखवते, टेपने भरते अकरा. आपला माणूस मेनूत जाऊन अठराचे अकरा करतो आणि ‘दुरुस्त केले’ म्हणून सांगतो. अहो, ते वरचे सात फूट म्हणजे सबच्या आतल्या फिल्टरचा आणि डीएसपीचा डिले! तो पुसला की क्रॉसओव्हरपाशी, ८० हर्ट्झच्या आसपास, सब आणि फ्रंट स्पीकर एकमेकांना खाऊ लागतात. मग पुन्हा गेन वाढवा, पुन्हा शेजाऱ्यांची तक्रार.

मित्रहो, हे थांबवा. फरशीचे काम सुरू होण्याआधी साइटवर जा आणि मागच्या भिंतीपर्यंत सबच्या केबलसाठी कंड्युट टाकून घ्या, तिथे प्लग पॉइंटही मागा. आधी जागा, मग लेव्हल, मग डिले, ईक्यू सगळ्यांत शेवटी. प्रत्येक सब वेगळा मोजा, मग दोन्ही एकत्र. पहिला मोड सोडून इतरत्र एकत्र लावल्यावर आवाज एकट्यापेक्षा कमी भरला, तर आधी डिले तपासा. रूम ईक्यू विझार्ड फुकट मिळते, यूएसबी माइक एका चांगल्या केबलपेक्षा फार महाग नाही. कोटेशनमध्ये कॅलिब्रेशनची ओळ वेगळी लिहा, तिचे पैसे हक्काने घ्या आणि आधीचा-नंतरचा ग्राफ ग्राहकाच्या हातात द्या. ज्याच्याकडे माइक नाही, त्याने दुसरा सब विकू नये.