आबांचं खरं खातं

मंत्रिमंडळ ठरू लागलं की मुंबईत बोलणं होतं ते गृह, महसूल, अर्थ आणि नगरविकास या खात्यांचं. ग्रामविकासाचं नाव त्या रांगेत सहसा येत नाही. 1999 साली विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात आर. आर. पाटलांकडे, म्हणजे आबांकडे, हे खातं आलं. पुढे ते गृहमंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले, वाहिन्यांवर रोज दिसू लागले. तरी त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात टिकाऊ काम शोधायचं तर ग्रामविकास खात्याकडेच जावं लागतं.

आबा मूळचे तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे. जन्म 16 ऑगस्ट 1957 चा. घरची ओढाताण, शिक्षण ‘कमवा आणि शिका’ योजनेतून, त्यातूनच वकिलीची पदवी. साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, मागे घराणं नाही. सांगली जिल्ह्याच्या राजकारणात अशा माणसाला उभं राहायला जागा कमीच. पण 1979 साली ते सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले आणि 1990 पर्यंत तिथेच राहिले. अकरा वर्षं! गावचा रस्ता कुठे अडतो, शाळाखोलीचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर पडून राहतो, ग्रामसेवक कशाला घाबरतो, हे सगळं त्यांनी तिथे बसून पाहिलं. 1990 पासून ते सलग सहा वेळा आमदार म्हणून निवडून आले. पण ग्रामविकास मंत्री म्हणून जे सुचलं, त्याची मुळं जिल्हा परिषदेतल्या त्या वर्षांत आहेत.

2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यातली युक्ती सरळ होती. सरकार आधी पैसे देणार नाही. गावाने श्रमदानाने आणि लोकवर्गणीने गाव स्वच्छ करायचं, मग तपासणी समिती येणार आणि बक्षीस जाहीर होणार. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि शेवटी राज्य. गावाचा स्वाभिमान जागा केला की अनुदानाने होत नाही ते होतं, हे आबांना नेमकं कळलं होतं. शेजारच्या गावाला नंबर मिळाला आणि आपल्याला नाही, ही गोष्ट गावाला किती लागते ते जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

समिती यायची म्हणजे गावात सणच असायचा. दारोदारी सडा-रांगोळी, भिंतींवर घोषणा, उकिरडे गावाबाहेर हलवलेले. समिती घरात शिरून पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे का, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं आहे का ते बघायची. सांडपाणी शोषखड्ड्यात जातं की रस्त्यावर, परसबाग आहे का, शाळेतल्या पोरांची नखं कापलेली आहेत का, सगळं तपासलं जायचं. मुख्य प्रश्न शौचालयाचा. गावोगावी ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली, पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवू लागली. यात काही ठिकाणी अतिरेक झाला. ज्यांच्या घरी शौचालयाला जागाच नव्हती त्या बायाबापड्यांनाही चारचौघांत खाली मान घालावी लागली, आणि ते गैरच होतं. पण ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द ग्रामसभेत मोठ्याने उच्चारला जाऊ लागला, तो याच काळात. केंद्र सरकारने पुढे निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातली कितीतरी गावं आधीच तयार होती.

गृहखात्यात आबा गेले ते 2003 च्या अखेरीस. 2005 मध्ये डान्सबारबंदी आली. गावोगावच्या आयाबहिणींनी त्यांना दुवा दिला, पण बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या हजारो बायकांच्या पोटाचं काय, या प्रश्नाला सरकारकडे धड उत्तर नव्हतं. शिवाय मोठ्या हॉटेलांना कायद्यात सूट होती. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. हेतू साफ असला तरी कायदा कच्चा होता, हे मान्य करायला हवं. मग 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला. मोठ्या शहरात असं लहानसहान घडतं, अशा अर्थाचं त्यांचं हिंदी वाक्य लोकांच्या जखमेवर मीठ चोळून गेलं आणि त्यांना पद सोडावं लागलं.

त्याच गृहखात्यात असताना त्यांनी एक काम मात्र गावाच्या अंगाने केलं. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं गावातच, ग्रामसभेने निवडलेल्या समितीपुढे मिटावीत, असा तिचा विचार. विदर्भात या समित्यांनी आणखी एक वाट काढली. घरच्यांचा विरोध असलेली सज्ञान प्रेमी जोडपी समितीकडे येऊ लागली, आणि समितीचा अध्यक्ष दोन्हीकडच्यांना समजावून देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या आवारात लग्न लावून देऊ लागला. जातीबाहेरच्या लग्नावरून रक्त सांडणाऱ्या मुलखात ही फार मोठी गोष्ट आहे.

2009 मध्ये आबा पुन्हा गृहमंत्री झाले आणि त्यांनी नक्षलग्रस्त गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं. 16 फेब्रुवारी 2015 रोजी मुंबईत तोंडाच्या कर्करोगाने ते गेले, तेव्हा वय होतं फक्त 57. तंबाखूने आणखी एक माणूस नेला. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई निवडून आल्या, आणि 2024 मध्ये मुलगा रोहित विधानसभेत पोहोचला.

ग्रामस्वच्छता अभियान सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी राबवलं ते ग्रामसेवक, गटविकास अधिकारी आणि सरपंच आता बहुतेक निवृत्त झाले आहेत. त्यांना गाठून लिहून घ्यायला हवं. कोणत्या गावात स्वच्छता टिकली आणि का टिकली, कुठे बक्षिसाची कमान तेवढी राहिली, कुठे शौचालयात सरपण आणि शेणी भरल्या गेल्या, आणि त्या गावांत नेमकं काय कमी पडलं. ग्रामविकास खात्यानेच हे काम हाती घेतलं तर फार बरं होईल. तपासणीचे कागद त्यांच्याच दप्तरी असायला हवेत.