झुरळे पाळावीत काय?



विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी विचारले आहे की, पाळीव सरड्याला किंवा पालीला खाऊ घालण्यासाठी घरी झुरळे वाढवली तर चालेल काय? इकडे काही पालकांनी 'शाळेने हे खूळ तात्काळ बंद करावे' असे कळविले आहे. दोघांनाही उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

सर्वप्रथम किळसेविषयी. मराठीत झुरळ, तेलुगूत बोद्दिंका आणि आम्ही ज्या हिंदी माध्यमातून पदवी घेतली त्या हिंदीत तिलचट्टा. नाव कोणतेही घ्या, नाक मुरडले जातेच. परंतु किळस हे काही कारण होऊ शकत नाही. सरडे पाळणारे लोक बहुधा 'दुबिया' जातीची झुरळे वाढवतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील, आपल्या मोरीतल्या झुरळांहून वेगळी. त्यांना गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही. मादी अंडी पोटातच उबवते व एका वेळी साधारण २० ते ३० पिल्लांना जन्म देते. उंच डबा, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, धान्याचा भरडा, गाजर आणि ३० अंशांच्या आसपास ऊब, एवढ्यावर त्यांची वस्ती वाढते. त्यासाठी स्वच्छता, नोंदी व धीर लागतो. हे गुण वाईट कोण म्हणेल?

मग आमचा आक्षेप कशाला आहे? यातील बराचसा सल्ला थंड देशांतील लोकांनी दिलेला आहे. तेथे डब्याला हीटर लावावा लागतो आणि निसटलेला किडा बाहेरच्या गारठ्यात टिकत नाही. आपल्या भैंशात मात्र ऊब बहुतेक वर्षभर फुकट मिळते, पावसाळ्यात ओलावाही मिळतो. थंडीचा तो पहारा आपल्याकडे नाही.

परका जीव सुटला तर काय होते, हे आपल्या शेजारच्या शेतकऱ्यांना विचारावे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकी गोगलगायी कोलकात्याच्या एका बागेत सोडल्या. पुढे त्यांचा वंश देशभर पसरला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. दुबिया असेच करील, असे आमचे म्हणणे नाही. पण सोडायला एक क्षण पुरतो आणि परत गोळा करणे कोणाच्याच हाती राहत नाही. म्हणूनच २००३ च्या केंद्रीय आदेशानुसार परदेशातून जिवंत कीटक आणण्यास परवाना लागतो.

घरातलीच झुरळे पकडून घालू, असे कोणी म्हणेल. त्यांच्या अंगावर फवारलेले औषध असते, ते पाळलेल्या प्राण्याच्या पोटात जाईल. शिवाय झुरळ कोणतेही असो, त्याची विष्ठा व कात यांचे बारीक कण दमेकऱ्यास त्रास देतात. दोन खोल्यांच्या घरात आजोबांच्या खाटेखाली असा डबा ठेवू नये.

आता मूळ प्रश्न, तो सरडा. घोरपड, साप, तारा कासव हे आपल्याकडील प्राणी पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी ज्यांची नावे कायद्याच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. परंतु कायद्याइतकाच महत्त्वाचा हिशोब वयाचा आहे. दुकानात मिळणारी लेपर्ड गेको ही पाल नीट सांभाळली तर १५ वर्षांहून अधिक जगते. नववीतला मुलगा दोन-तीन वर्षांत शिक्षणासाठी नांदेडला, निजामाबादला किंवा हैदराबादला जाईल. मग ती पाल आणि झुरळांचा डबा कोण सांभाळणार? आईच ना! हौस एकाची आणि राबणूक दुसऱ्याची, याला प्राणिप्रेम म्हणता येत नाही.

ज्यांना खरोखर कीटक पाहायचे आहेत, त्यांनी रेशीमकिडा वाढवावा. मराठवाड्यातील अनेक शेतकरी त्यावर संसार चालवतात. अळी साधारण २५ दिवसांत चार वेळा कात टाकून कोष विणते. तुतीचा ताजा पाला रोज द्यावा लागतो, एक दिवसही सुट्टी नाही. त्याचा पतंग उडू शकत नाही व माणसावाचून जगत नाही. म्हणजे निसटण्याची भीती नाही. जबाबदारी तीच, पण ती महिन्या-दीड महिन्यात पुरी करता येते.

म्हणून झुरळांचा डबा शाळेत आणण्यास आमची परवानगी नाही. त्याऐवजी प्रयोगशाळेत रेशीमकिड्यांची एक पेटी ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी आधीच असे प्राणी वा झुरळे आहेत, त्यांनी घाबरून ती शेतात किंवा गड्डेन्नावागूच्या पाण्यात सोडू नयेत. पालकांसह आम्हास येऊन भेटावे. रागावणार नाही, मार्ग मिळून काढू.