आधी वेशीबाहेर, आता नकाशाबाहेर?

मी गोदीत राबतो. कंटेनर या यार्डातून त्या यार्डात हलतो तेव्हा कंटेनरला कुणी विचारत नाय. गावांचंही तसंच चाललंय. कल्याणशेजारची २७ गावं बघा. १९८३ साली कल्याण महापालिकेत घातली. २००२ साली बाहेर काढली. २०१५ साली पुन्हा आत. २०२० साली त्यातली १८ परत बाहेर काढायला निघाले, ते हायकोर्टाने रद्द केलं. साला, ही गावं की पेट्या?

लगेच गावपुढारी गळा काढतात : गाव मेलं, गावपण गेलं! त्या रडण्यात आपण सामील व्हायचं नाय. कसलं गावपण? वेशीबाहेरचा वाडा, वेगळा पाणवठा, वेगळी मसणवट? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाचा उदोउदो झिडकारला, तो उगाच नाय. शहरं जुळू द्या. पोटाने ती कधीच जुळलीत. मुंब्रा-कल्याणचा मजूर पहाटेच्या लोकलला लोंबकळतो, तेव्हा कुठे मुंबई हलते.

सवाल वेगळाय. जुळलेल्या शहराचा नकाशा कोण काढतो? मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका. त्यांच्या डोक्यावर १९७५ पासून एमएमआरडीए. तिच्यासाठी आपण कधी मतदान केलेलं नाय. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलं की दहा लाखांच्या वरच्या महानगराला नियोजन समिती पायजे, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सभासद नगरसेवकांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे. कागदावर झकास. पण नगरसेवकच नसले तर? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचं राज्य. मग निवडणार कोण, निवडून जाणार कोण?

खरी मेख पुढंच आहे. महापालिकेतल्या आपल्या राखीव जागा घटनेच्या २४३ टी कलमाने पक्क्या केल्यात. समितीच्या २४३ झेडई कलमात मात्र राखीव हा शब्दच नाय. ते राज्याच्या कायद्यावर सोडलंय. म्हणजे वॉर्डात हक्क, आणि जिथं अख्ख्या महानगराचं पाणी, रस्ता, कचरा ठरायचा तिथं सरकारची मर्जी!

मर्जीवर आपण पिढ्यानपिढ्या जगलोय. आता बास. शहरं जोडा, पण समितीतली आमची जागा घटनेत लिहा. निवडणुका वेळेवर घ्या. कर एक करता, तर नळही एक करा. नायतर जुनी वेस मोडून तुम्ही नवी वेस बांधताय, आणि ती आम्ही ओळखतो.