ॲव्हरेज देत नाही? आधी मोजा तर!

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नुसतं म्हणून बघा, "गाडी ॲव्हरेज देत नाही रे." पाच सेकंदांत उत्तर येतं, "ई-20!" चर्चा संपली. सरकारला दोन शिव्या, एक कटिंग, आणि सगळे परत आपापल्या जागेवर. गंमत म्हणजे हीच मंडळी सर्व्हर स्लो झाला तर लॉग बघितल्याशिवाय कोडची एक ओळ बदलू देत नाहीत. स्वतःच्या गाडीचं मात्र निदान आधी आणि तपासणी कधीच नाही. माझा राग आहे तो यावर.

आधी ई-20 चा हिशेब मिटवून टाकू. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. 20 टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने तूट जवळपास 7 टक्के, आणि आधीच्या ई-10 च्या मानाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की ई-20 साठी ट्यून केलेल्या चारचाकींना 1 ते 2 टक्के आणि बाकीच्यांना 3 ते 6 टक्के फटका बसतो. म्हणजे घट खरी आहे. लिटरमागे ऊर्जा कमी देऊन पैसे तेवढेच घेणं हे मलाही पटत नाही. त्यावर जरूर भांडा. पण या हिशेबाने 18 देणारी गाडी 17 वर येईल. ती 13 देत असेल तर उरलेले चार किलोमीटर कोणी खाल्ले?

हे आकडे माझ्या एका मित्राच्या गाडीचे आहेत. 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, मागच्या काचेवर 'जय सेवालाल'. त्याचं घर वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीजवळच्या तांड्यावर. बंजारा समाजाची काशी ती, त्यामुळे पुण्याहून वर्षातून तीन-चार चकरा ठरलेल्या. पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) त्याला इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग आणि टाकीत ओतायची एक बाटली, असं सगळं विकलं. बिल पाच आकडी, ॲव्हरेज तेच. आणि वर ऐकवलं काय, तर "सर, आता पेट्रोलच तसं येतंय."

वा! मग इंजेक्टर कशाला साफ केले?

पुढच्या चकरेला मी सोबत गेलो, खिशात ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर टाकून. हजारभर रुपयांत येतो, आणि 2013 नंतरच्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. समृद्धीवर तासभर चालूनही कूलंटचं तापमान 66 अंश! ते 90 च्या आसपास हवं. याचा अर्थ थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. इंजिन कधी गरमच होत नाही, ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. डॅशबोर्डवर दिवा नाही, काही नाही. शेलूबाजारला उतरून मानोऱ्यात पंक्चरवाल्याकडे थांबलो, तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "हवा कवा पाह्यली व्हती भाऊ?" 32 हवी तिथे 24. आणि पोहरादेवीला पोचल्यावर पुढच्या डाव्या चाकाची रिम हात लावता येणार नाही इतकी तापलेली, बाकीची तीन कोमट. कॅलिपरची पिन जाम. म्हणजे चारशेहून जास्त किलोमीटर गाडी ब्रेक दाबूनच आली!

शिवाय साहेबांचा वेग 120. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 90 च्या तुलनेत पावणेदोन पटीहून जास्त. कंपनीने छापलेला आकडा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात गाडी 90 च्या वर जातच नाही. मग त्या आकड्याशी समृद्धीवरची तुलना कसली करता?

थर्मोस्टॅट, पिन, हवा आणि 95 चा वेग. हे केल्यावर सलग तीन टाक्यांचा हिशेब 17 च्या जरा खाली-वर. राहिलेला एक किलोमीटर ई-20 चा. त्याचा वाटा तेवढाच होता.

आता तुम्ही काय करायचं? टाकी ऑटो-कटपर्यंत फुल करा, मीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं तीनदा. डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो, तो पुरावा म्हणून चालणार नाही. मग हवा बघा, गाडी गार असताना. मग चाकं, मग कूलंट, मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ई-10 च्या गाडीत ई-20 घातलं की हा ट्रिम चारेक टक्के वर जातो, ते साहजिक आहे. सतत 10 च्या वर असेल तर हवेची गळती किंवा पेट्रोलचं प्रेशर तपासायला सांगा. आणि "एअर फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल" हा सल्ला कार्ब्युरेटरबरोबर निवृत्त व्हायला हवा होता. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्येच दाखवलंय की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप पडतो, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही.

यातलं काहीही अवघड नाही. पण मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला बाटली विकता येत नाही, म्हणून सर्व्हिस सेंटर हे सांगणार नाही. आणि आपणही विचारत नाही, कारण ई-20 ला शिव्या घालणं फुकट आहे आणि त्यासाठी कोणाला गाडीखाली वाकावं लागत नाही.

ई-20 विरुद्ध भांडायचंय? भांडाच! पण तीन टाक्यांचा हिशेब हातात घेऊन भांडा. "मला असं वाटतं"ला कोणी उत्तर देत नाही, आकड्याला द्यावं लागतं.