नाताळच्या सुट्टीतली सेवा

पुण्या-मुंबईच्या चर्चमधले तरुण नाताळच्या सुट्टीत ‘मिशन ट्रिप’ काढून परभणी जिल्ह्यासारख्या भागात येतात. आठवडाभर आरोग्य शिबिर घेतात, वह्या-गोधड्या वाटतात आणि परत गेल्यावर रविवारच्या उपासनेत साक्ष देतात की आमचा विश्वास दृढ झाला. या साक्षीवर तिन्ही बाजूंनी टीका होते. हिंदुत्ववादी तिला धर्मांतराचं आमिष म्हणतात. पुरोगामी तिला गरिबीची सहल म्हणतात. आणि मंडळीतलेच काही कर्मठ विचारतात, तारण विश्वासाने होतं, कर्माने नव्हे, मग गोधड्या वाटून विश्वास कसा वाढेल?

माझ्या मते साक्ष खरी असू शकते. तिचं दिलं जाणारं कारण मात्र बहुतेकदा चुकीचं असतं.

आमिषाचा आरोप जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून 1893 साली ‘केसरी’ने झोड उठवली; रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. आक्षेपातला एक भाग मला मान्यच आहे. अडलेल्या माणसाचा होकार हा मोकळा होकार नसतो. म्हणून औषधाच्या पुडीबरोबर धर्माचं पत्रक हातात ठेवणं गैरच. पण सेवेतून श्रद्धा उपजते ती फक्त लाचारीतून, हे कोणी ठरवलं? रमाबाईंचंच पाहा. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणारी ही विदुषी इंग्लंडमध्ये गेली, तेव्हा तिथल्या भगिनींनी तिला फुलहॅमचं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठीचं आश्रयस्थान दाखवलं. अशा बायकांना कोणी मायेने वागवतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. असं का करता, या प्रश्नाला उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट मिळाली. 1883 साली बाप्तिस्मा घेतल्यावर याच भगिनींशी रमाबाई धर्ममतांवरून कडाकडा भांडल्या. आमिषाला भुललेली माणसं असं भांडत नाहीत. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या; त्यांच्यासाठी केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळातच गमावले होते. भूक त्यांना नवी नव्हती.

कर्मठांना उत्तर थोडक्यात देतो. कर्मावाचून विश्वास निर्जीव म्हणणाऱ्या याकोबाच्या पत्राला लूथरने वाळलेल्या गवताची उपमा दिली, तरी ते पत्र पवित्र शास्त्रातून काढलं नाही. सेवेने तारण विकत मिळतं असं कोणी म्हणत नाही. विश्वास जिवंत आहे की नुसता ओठांवर, एवढंच ती दाखवते.

खरी धार आहे ती पुरोगाम्यांच्या आक्षेपाला, कारण तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यावर डिसेंबरात असंच शिबिर भरलं होतं. मंडळींनी पोरांसाठी वह्या आणल्या होत्या. पोरं कुठे होती? दिवाळीनंतर अर्धा तांडा कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेला. झोपड्यांना बाहेरून काट्या लावलेल्या. मागे राहिली होती म्हातारी माणसं आणि दोन-चार शेरडं. ज्यांच्यासाठी ही ट्रिप काढली, त्यांचं वर्ष कसं चालतं हे कोणी विचारलंच नव्हतं. तरी रांग लागली, ब्लड प्रेशर मोजलं गेलं, फोटो निघाले. एका म्हातारीने मात्र दंड पुढे करायच्या ऐवजी कनवटीचा घडी घातलेला कागद पुढे केला. मुकादमाकडून लेकाने घेतलेल्या उचलीचा हिशेब होता तो. ‘किती फिटली, किती राहिली, तेवढं वाच माय,’ म्हणाली. मेडिकलला शिकणारी ती मुलगी यंत्र बाजूला ठेवून तिच्याशेजारी मातीत बसली. एक-एक आकडा लावत दोघी बराच वेळ त्यात अडकल्या. मागची रांग कुरकुरू लागली.

त्या शिबिरात सेवा म्हणावी असं एवढंच घडलं, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे वर्णन आहे, त्यात मला नेहमी एक गोष्ट खटकायची आणि आता तीच पटते. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं, उघड्याला पांघरूण दिलं, त्यांना ते प्रभूसाठी करत होतो हे ठाऊकच नसतं. तेच चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे गरिबात ख्रिस्त शोधायला जो बॅग भरून निघतो, त्याची चुकामूक व्हायची शक्यता जास्त. समोरच्या माणसाच्या कामात जो स्वतःला विसरतो, त्याला तो भेटतो. पुरोगाम्यांचा गरिबीच्या सहलीचा मुद्दा म्हणजे शुभवर्तमानाचाच मुद्दा झाला. फक्त त्यावरून ‘जाऊच नका’ हा निष्कर्ष निघत नाही. न जाणाऱ्याला तो कागद कोण दाखवणार?

जायचं तर कसं, याचं उदाहरण जवळच आहे. परभणीहून निघून बीड ओलांडलं की जामखेड लागतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970मध्ये तिथे आलं. त्याआधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये खाटा भरलेल्या असायच्या, लोक दुवा द्यायचे, आणि तेच आजार घेऊन पुन्हा दारात यायचे. हे काही सेवेचं यश नव्हे, असं कबूल करायला मोठी श्रद्धा लागते. जामखेडला आल्यावर लोकांनी दवाखाना मागितला नाही, आधी पाणी मागितलं. 1972च्या दुष्काळात हातपंप बसवले ते दलित वस्तीत, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिकडे जावं लागेल. प्रशिक्षित नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच अडाणी, बहुतेक खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. लोकांना ख्रिस्ती करणं हा तिथला कार्यक्रमच नव्हता. 1979मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. जामखेडला आज देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये त्या आरोग्यसेविका असतात.

तेव्हा मंडळींनी परभणीला जरूर यावं. डिसेंबरात मात्र नको. तांडा कारखान्यावरून परतलेला असतो तेव्हा, मृगाच्या आधी, भर उन्हात यावं. वह्या घरी ठेवाव्यात. पहिले दोन दिवस शिबिर न भरवता उचलीचे कागद वाचावेत, आणि पुढच्या वर्षी त्याच तांड्यावर, त्याच माणसांकडे पुन्हा यावं. रविवारची साक्ष त्यानंतर दिली तरी चालेल.